कधीपासून दुखतंय, हे इंग्रजीत विचारताना

मिरजेच्या वॉर्डात हिस्टरी घेताना काळाचा प्रश्न कधी पडला नाही. "किती दिवस झाले?" विचारलं की समोरून उत्तर यायचं, "चार दिस झालं बघा सिस्टर, कळ मारतीया." पेशंट जतचा असो, कवठेमहांकाळचा असो, नाहीतर सीमेपलीकडून अथणीहून आलेला, कानडी हेल काढून मराठी बोलणारा असो, डॉक्टरला हवं ते सगळं त्या एका वाक्यात असायचं. दुखणं चार दिवसांपूर्वी सुरू झालं आणि अजून थांबलेलं नाही. थांबलेलं नाही हे 'मारतीया' सांगतं, दिवसांचा हिशोब 'झालं' सांगतं. दोन कामं, दोन शब्द.

इंग्रजी ही दोन्ही कामं एकाच क्रियापदाच्या गळ्यात घालते. 'द पेन हॅज बीन गेटिंग वर्स फॉर फोर डेज.' आधी हॅज, मग बीन, मग आयएनजी. शाळेत याला चालू पूर्ण वर्तमानकाळ म्हणायचे. पूर्ण झालं असेल तर चालू कसं, आणि चालू असेल तर पूर्ण कसं, हे आमच्या वर्गात कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. मी त्याआधीची, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला एबीसीडी गिरवलेली. काळांचा बारा घरांचा तक्ता फळ्यावर यायचा, आम्ही तो वहीत उतरवायचो, आणि या काळाच्या घराशी पोचेपर्यंत तास संपायची घंटा व्हायची. परीक्षेत एक गाळलेली जागा यायची. कंसात क्रियापद, वाक्यात कुठेतरी सिन्स. सिन्स दिसला की हॅज बीन भरायचं. मार्क मिळायचा. बोलण्यात हा काळ कुणी वापरायचं नाही, कारण इंग्रजी बोलायचंच कुणाशी?

नर्सिंग झालं, नोकरी लागली, बरीच वर्षं वॉर्डात गेली. मग बाहेर जायचं ठरलं आणि हा काळ पुन्हा समोर आला.

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला इंग्रजी येत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. आयईएलटीएस चालते, आणि 2017 पासून ओईटी म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्टही चालते. ही दुसरी परीक्षा मूळची ऑस्ट्रेलियातली, दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीच बांधलेली. आयईएलटीएसमध्ये शहरीकरणाचे फायदे-तोटे यावर निबंध लिहावा लागतो. ओईटीत पेशंटबद्दल पत्र लिहायचं असतं. मला शहरीकरणाबद्दल काही म्हणायचं नव्हतं, म्हणून मी ओईटी घेतली. ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत 500 पैकी 350 लागतात, लेखनात 300 चालतात. लेखनाला ही सूट का दिली असेल, ते पत्र लिहायला बसल्यावर कळतं.

सांगलीत एका मॅडमकडे संध्याकाळचा क्लास लावला. मॅडम कॉलेजातून इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. दवाखान्यातलं त्यांना फारसं माहीत नव्हतं, आणि ते आमच्या पथ्यावर पडलं. "उलटी 'झाली' आणि उलट्या 'होतायत' यात डॉक्टरला काय फरक पडतो, ते मला समजावून सांगा," असं त्या खरंच न कळून विचारायच्या. आम्ही सांगायला लागलो की आमचं आम्हालाच उलगडायचं. सकाळपासून उलट्या होतायत म्हणजे अजून होणार, सलाइन लावायची तयारी करा. सकाळपासून तीनदा झाली म्हणजे मोजून सांगितलं, आता थांबलीही असेल. इंग्रजीतही नेमकं हेच. 'शी हॅज बीन व्हॉमिटिंग सिन्स धिस मॉर्निंग' आणि 'शी हॅज व्हॉमिटेड थ्री टाइम्स सिन्स धिस मॉर्निंग'. किती वेळा, हा आकडा आला की बीन आणि आयएनजी दोन्ही जातात. 'हॅज बीन व्हॉमिटिंग थ्री टाइम्स' हे इंग्रजी कानाला खुपतं, तसंच 'तीनदा उलटी होतेय' हे आपल्या कानाला खुपतं.

यावरून मॅडमनी आम्हाला एक युक्ती दिली, ती मी अजून वापरते. वाक्य आधी मराठीत मनात म्हणायचं आणि त्याचं शेपूट बघायचं. शेपटाला 'तोय, तेय, तंय' असेल तर हॅज बीन आणि आयएनजी. 'झाली, केली, घेतली' आणि सोबत आकडा असेल तर हॅज आणि क्रियापदाचं तिसरं रूप. नुसतं 'आहे' असेल तर हॅज हॅड किंवा हॅज बीन, आयएनजी नाही. इंग्रजी शिकताना मराठीत विचार करू नका, असं सगळे सांगतात. या एका काळापुरता तो सल्ला मला पटत नाही. चालू आहे, उरकलं आहे आणि नुसतं आहे, हा भेद आपल्या भाषेला जन्मापासून माहीत आहे. तो टाकून देऊन तक्त्यातून नव्याने शिकायचं कशाला?

मात्र एका जागी शाळेने पक्का घोळ घातलेला होता. 'सिन्स म्हणजे पासून, फॉर म्हणजे साठी.' हे इतकं घट्ट बसलेलं असतं की 'फॉर थ्री डेज' ऐकलं की डोक्यात 'तीन दिवसांसाठी' उमटतं, जणू ताप तीन दिवसांच्या मुक्कामाला आलाय. मग तीन दिवसांपासून म्हणायचं तर हात आपोआप सिन्सकडे जातो आणि 'सिन्स थ्री डेज' तयार होतं. मराठीत सोमवारपासूनही 'पासून' आणि तीन दिवसांपासूनही 'पासून'. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगितला तर सिन्स, मधला कालावधी सांगितला तर फॉर. सिन्स मंडे, सिन्स मिडनाइट, सिन्स द ऑपरेशन. फॉर थ्री डेज, फॉर द लास्ट टू वीक्स. मॅडमनी यावर नियम सांगितला नाही. 'तीन दिवसांपासून' म्हणणंच त्यांनी क्लासमध्ये बंद केलं. "तीन दिवस झाले, असं म्हणा. 'झाले' आलं की फॉर. 'पासून' उरलं तर सिन्स." मिरजेचे पेशंट तसंही 'झालं'च म्हणतात.

दुसरा घोळ आपल्या भारतीय इंग्रजीने वर्षानुवर्षं चालवलेला. 'शी इज हॅविंग शुगर सिन्स टेन इयर्स.' दवाखान्यात हे वाक्य ऐकून सगळ्यांना कळतं, कुणी हसत नाही, काम होतं. पण परीक्षकापुढे ते चालत नाही. आता याच्यावर बीन चढवून 'हॅज बीन हॅविंग डायबेटिस' केलं तर वाक्य आणखी बिघडतं. मधुमेह ही घडणारी गोष्ट नाही, ती स्थिती आहे. दहा वर्षं शुगर 'आहे'. म्हणून 'शी हॅज हॅड डायबेटिस फॉर टेन इयर्स'. तेच डोकेदुखीचं मात्र उलट आहे. डोकं दुखायला लागतं, थांबतं, पुन्हा दुखतं. तिथे 'शी हॅज बीन हॅविंग हेडेक्स' अगदी बरोबर. हॅव हे एकच क्रियापद, पण आजार अंगात मुक्कामाला असेल तर त्याला आयएनजी लागत नाही, आणि झटके येत-जात असतील तर लागतं. व्याकरणाच्या पुस्तकात हे 'स्थितिदर्शक क्रियापदांना आयएनजी लागत नाही' एवढ्या एका ओळीत असतं, खाली नो, बिलीव्ह, बिलाँग, ओन अशी यादी. ती यादी पाठ करून मला काही फायदा झाला नाही. आजारांच्या दोन जाती पाडल्या आणि लगेच बसलं. दमा आहे, बीपी आहे, हर्निया आहे: हॅज हॅड. खोकला येतोय, चक्कर येतेय, श्वास लागतोय: हॅज बीन, मग कॉफिंग, फीलिंग डिझी किंवा गेटिंग ब्रेथलेस.

आता पत्राबद्दल, कारण या काळाची खरी परीक्षा तिथे होते. पंचेचाळीस मिनिटं असतात. पहिली पाच नुसती वाचायला, त्यात पेनला हात लावायचा नाही. समोर केस नोट्स. त्या कशा असतात ते नर्सला सांगायला नको, तुटक, क्रियापदाशिवाय. 'उच्च रक्तदाब, 2011, ॲम्लोडिपिन 5 मिग्रॅ. पत्नी वारली, 2019, एकटे राहतात. गेले तीन आठवडे भूक कमी. 4 मार्च, दाखल.' यातून 180 ते 200 शब्दांचं पत्र करायचं, बहुधा घरी जाऊन बघणाऱ्या नर्सला किंवा पेशंटच्या फॅमिली डॉक्टरला. नोट्समध्ये क्रियापद नाही म्हणजे काळ नाही. प्रत्येक ओळीला काळ तुम्ही द्यायचा. म्हणजे प्रत्येक ओळीशी थांबून विचारायचं, हे अजून चालू आहे का?

रक्तदाब अजून आहे, पण ती स्थिती: हॅज हॅड. गोळी रोज घेतायत: हॅज बीन टेकिंग. पत्नी वारली, संपलेली घटना, साल दिलेलं: डाइड इन 2019. एकटे राहतात, तेव्हापासून: हॅज बीन लिव्हिंग अलोन सिन्स देन. इथे 'हॅज लिव्ह्ड' लिहिलं तरी कुणी मार्क कापणार नाही, लिव्ह आणि वर्क या दोन क्रियापदांत फरक जवळजवळ नसतो, आणि त्यावर पानंच्या पानं खर्च करणारी पुस्तकं उगाच घाबरवतात. भूक कमी: हॅज नॉट बीन ईटिंग वेल. आणि दाखल? इथे आमच्या वर्गातली निम्मी पत्रं 'हॅज बीन ॲडमिटेड सिन्स 4 मार्च' म्हणायची. दाखल होणं एका क्षणात होतं आणि संपतं. तारीख आली की 'वॉज ॲडमिटेड ऑन'. दवाखान्यात असणं मात्र चालू राहतं, म्हणून 'हॅज बीन इन हॉस्पिटल सिन्स'.

औषधांसाठी एक पळवाट आहे, ती इथे ब्रिटनमध्ये सगळे डॉक्टर वापरतात. 'ही हॅज बीन ऑन वॉरफरिन सिन्स 2019.' 'ऑन' घातलं की टेकिंग, रिसीव्हिंग काहीच लागत नाही, शब्द वाचतात, आणि 200 शब्दांच्या पत्रात ते महत्त्वाचं आहे. पत्र तपासताना थोडक्यात आणि स्पष्ट लिहिलंय का, हा वेगळा निकष असतो.

पत्र लिहून लिहून एक सवय लागली, जी मराठी नोंदी करतानाही सुटेना. 'तापाची तक्रार' असं नुसतं लिहिलेलं वाचलं की हात थांबायचा. होता की आहे?

बोलण्याच्या परीक्षेत दोन प्रसंग असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे. आधी कार्ड मिळतं, ते वाचायला तीन मिनिटं, त्यावर पेनने खुणा करायला परवानगी. समोरची व्यक्ती पेशंट किंवा पेशंटची मुलगी बनते, आपण नर्सच राहायचं. इथे व्याकरणापेक्षा मोठी गोष्ट कळली. प्रश्न कसा विचारला यावर पेशंट उघडतो किंवा मिटतो, आणि हा काळ नीट हाताळला नाही तर मिटतो.

'हॅव यू टेकन युअर टॅब्लेट्स?' म्हणजे आजच्या गोळ्या घेतल्या का. 'हॅव यू बीन टेकिंग युअर टॅब्लेट्स?' म्हणजे रोज घेताय ना. मराठीतही 'घेतल्या का' आणि 'घेताय ना' असे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यामुळे अर्थ लगेच कळला. पण दुसऱ्या प्रश्नात इंग्रजीत संशयाची छटा असते, ती सुरुवातीला ऐकू येत नाही. या काळाला मागे राहिलेल्या खुणेची सवय आहे. वॉर्डात माझं पेन सापडत नाही, मग कुणाच्या तरी हातात दिसतं, तेव्हा वाक्य येतं 'हू हॅज बीन यूझिंग माय पेन?' वापर थांबला असेल, पण पुरावा समोर आहे आणि बोलणाऱ्याचा पारा चढलाय. म्हणूनच 'हॅव यू बीन ड्रिंकिंग?' हा इमर्जन्सीत फार जपून विचारायचा प्रश्न. 'डू यू ड्रिंक?' म्हणजे दारू घेता का, सवयीची चौकशी. 'हॅव यू बीन ड्रिंकिंग?' म्हणजे वास येतोय मला. एका रोल प्लेमध्ये वृद्ध बाई गोळ्या चुकवतायत असं कार्ड होतं. मॅडम पेशंट झाल्या होत्या. "हॅव यू बीन टेकिंग..." एवढं ऐकताच त्या खुर्चीत ताठ झाल्या आणि म्हणाल्या, "ऑफ कोर्स आय हॅव." संपलं. पुढची चार मिनिटं त्या एक-एक शब्दात उत्तरं देत राहिल्या.

त्यावरचा तोडगा पुढे सगळीकडे सापडला, अगदी इथल्या ज्येष्ठ नर्सच्या तोंडीही तोच. काळ तोच ठेवायचा, प्रश्न 'हाऊ'ने सुरू करायचा. 'हाऊ हॅव यू बीन गेटिंग ऑन विथ युअर टॅब्लेट्स?' गोळ्यांचं कसं काय चाललंय. आता होय-नाही म्हणून सुटका नाही, आणि आरोपही नाही. पेशंट सांगायला लागतो की मोठी गोळी गिळत नाही, सकाळची विसरते, रात्री पाणी लागतं म्हणून घेत नाही. ओईटीत बोलण्याला भाषेचे गुण वेगळे आणि संवादाचे वेगळे असतात. पेशंटला दोषी न धरता विचारलं का, हे त्या दुसऱ्या भागात बघतात. एका 'हाऊ'ने दोन्हीकडचं काम होतं.

म्हणून हा काळ उत्तरांतून शिकवू नये, प्रश्नांतून शिकवावा, असं माझं ठाम मत झालं. गाळलेल्या जागा भरताना आपण फक्त रूप शोधतो. प्रश्न विचारताना समोरच्याकडून काय काढून घ्यायचंय ते ठरवावं लागतं. हाऊ लाँग हॅव यू बीन फीलिंग लाइक धिस? हॅज इट बीन गेटिंग बेटर ऑर वर्स? हॅव यू बीन स्लीपिंग? या शेवटच्याची गंमत अशी की 'आय हॅव नॉट स्लेप्ट' म्हणजे डोळ्याला डोळा लागला नाही, आणि 'आय हॅव नॉट बीन स्लीपिंग' म्हणजे हल्ली झोप नीट लागत नाही. पहिलं ऐकलं की एका रात्रीची गोष्ट वाटते. दुसरं ऐकलं की नर्स खुर्ची ओढून बसते.

मराठी शेपटाची युक्ती कुठे फसते तेही सांगायला हवं, नाहीतर लोक ती जशीच्या तशी उचलतील. दोन ठिकाणी फसते. एक, नुकतंच थांबलेलं काम. पेशंटचे डोळे लाल दिसले तर आपण विचारतो, "रडत होतात का?" शेपूट भूतकाळाचं. इंग्रजीत मात्र 'हॅव यू बीन क्राइंग?' कारण खूण अजून चेहऱ्यावर आहे, म्हणजे वर्तमानाशी धागा आहे. 'वेअर यू क्राइंग?' म्हटलं तर इंग्रजी माणूस विचारतो, कधी? दुसरं, बसणं-उठणं-झोपणं. 'दोन तास झोपलाय', 'सकाळपासून बसलोय'. आपलं क्रियापद उरकलेलं दिसतं, अर्थ मात्र चालू स्थितीचा. युक्तीप्रमाणे 'हॅज स्लेप्ट' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल उठलाय. 'हॅज बीन स्लीपिंग' किंवा 'हॅज बीन अस्लीप' म्हणावं लागतं. कॅथेटरचंही, म्हणजे लघवीच्या नळीचंही, तसंच. तीन दिवस घातलाय, म्हणजे 'द कॅथेटर हॅज बीन इन फॉर थ्री डेज'. घालणं एकदाच झालं, आत असणं चालू आहे.

आणि याच दुसऱ्या जागी उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरने मला चकवलं. परीक्षा पास झाले, इथे आले, वयस्कर पेशंटच्या वॉर्डात रुजू झाले. एक आजोबा खुर्चीतून म्हणाले, "आय हॅव बिन सॅट हिअर सिन्स सिक्स, लव्ह." बीन सिटिंग नाही, बीन सॅट. व्याकरणाच्या पुस्तकात हे चूक आहे, उत्तर इंग्लंडच्या तोंडी रोजचं आहे, आणि मराठीत अगदी शब्दशः 'सहापासून बसलोय'. उभ्या असलेल्यासाठीही 'बिन स्टूड'. माझ्याबरोबरच्या केरळच्या नर्सने ते लगेच उचललं. मी अजून सिटिंगच म्हणते. परक्या तोंडात बोली बोलणं मला अवघड वाटतं, आणि नावात 'सिस्टर' असताना शुद्ध बोललं की पेशंट जरा जास्त विश्वास ठेवतात असा माझा समज आहे, तो खोटाही असेल.

उच्चाराचं वेगळंच. आपण बीन म्हणतो, ई लांब. इथे घाईत तो 'बिन' होतो, आणि हॅज तर नुसता 'ज' होऊन आधीच्या शब्दाला चिकटतो. 'शीज बिन'. कान तयार नसेल तर ते 'शी इज बीइंग' ऐकू येतं आणि अर्थ फिरतो. परीक्षेच्या रेकॉर्डिंगमध्ये हे इतकं वेगात नसतं. वॉर्डात सकाळी सातला, रात्रभर जागलेल्या नर्सच्या तोंडून ऐकताना सुरुवातीला मी फक्त शेवटचं आयएनजी पकडायची. ते पकडलं तर पुरतं.

शिवाय एक 'बिन' असा आहे की त्याच्यामागे काहीच येत नाही. पहिल्याच आठवड्यात हेल्थकेअर असिस्टंटने पेशंटला विचारलं, "हॅव यू बिन?" मी वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत उभी. बीन काय? टेकिंग? स्लीपिंग? पेशंट म्हणाले, "नॉट सिन्स ट्यूजडे." तिने चार्टवर खूण केली आणि पुढे गेली. शौचाला झाली का, एवढाच प्रश्न होता. 'जाऊन आलात का' यातलं ठिकाण सभ्यपणे गाळलेलं. आपल्याकडेही 'जाऊन आलात का' म्हणतातच की.

सकाळचा हँडओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला देणं, हे या काळाचं घर. इथे एसबार नावाची पद्धत आहे, परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज, पुढची मागणी, या क्रमाने सांगायचं. मूळ अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांतली, तिथून दवाखान्यांत आली. दुसरीकडे प्रत्येक पेशंटचा न्यूज स्कोर असतो, म्हणजे नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोर, प्रकृती बिघडतेय का ते वेळीच ओळखायला. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप यांना गुण देऊन बेरीज. पाच झाले तर तातडीने डॉक्टर, सात झाले तर धावपळ. आता 'हिज न्यूज इज फोर' म्हटलं तर ऐकणारा कागदावर चार लिहितो. 'हिज न्यूज हॅज बीन क्रीपिंग अप सिन्स मिडनाइट, इट्स फोर नाऊ' म्हटलं तर तो मान वर करून बघतो. आकडा तोच, पण तो चढत आलाय हे कळलं. 'ही हॅज बीन स्पाइकिंग टेम्परेचर्स', ताप सारखा चढतोय. 'शी हॅज बीन रिफ्यूझिंग हर मेड्स', औषधं नको म्हणतेय. 'ही हॅज बीन ट्राइंग टू गेट आउट ऑफ बेड ऑल नाइट', रात्रभर कॉटवरून उतरायला बघतोय. या शेवटच्या वाक्याने ऐकणाऱ्या नर्सचा सगळा दिवस आखला जातो. कुणीतरी त्या कॉटजवळ थांबायला हवं.

लेखी नोंदीत मात्र हा काळ जवळजवळ लागत नाही. तिथे प्रत्येक ओळीला वेळ असते. 02:15, उलटी झाली. 03:40, पुन्हा झाली. साधा भूतकाळ पुरतो, चालू आहे की नाही ते वेळांवरून वाचणाऱ्याने काढायचं. नव्या मुली नोंदीतही 'हॅज बीन' भरतात आणि मग ते कधीचं हे कुणाला कळत नाही.

इथे आल्यावर एका गोष्टीने बरं वाटलं. वॉर्डात एक पोलिश सहकारी आहे, बऱ्याच वर्षांपासूनची, कामाला चोख. ती सर्रास म्हणते, "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2010." अगदी आपलं वाक्य. तिच्या भाषेतही चालू गोष्टीला साधा वर्तमानकाळ लावतात आणि 'पासून' जोडतात. जर्मनमध्येही तसंच, फ्रेंचमध्येही तसंच. म्हणजे आपण विचित्र नाही. हॅव्ह, बीन आणि आयएनजीची उतरंड लावणारी इंग्रजीच शेजाऱ्यांहून निराळी.

सांगलीच्या त्या क्लासमधल्या मुली अजून मेसेज करतात, पत्रं तपासायला पाठवतात. कामावरून परतताना बसमध्ये बघते. बहुतेकींचं रूप बरोबर असतं, सिन्स-फॉरही सुधारलेलं असतं. अडतात त्या एकाच ठिकाणी. 'हॅज बीन सफरिंग फ्रॉम हायपरटेन्शन'. व्याकरणात हे बसतं, पण ज्या पेशंटला बीपीचा काहीच त्रास नाही, गोळी घेऊन तो शेतात जातो, त्याला सफरिंग कशाला म्हणायचं? मी खाली लिहून पाठवते: हॅज हॅड. आणि विचारते, गोळी कोणती चालू आहे, ते कुठे लिहिलंस?